रगेड लॅपटॉपचं हँडल झिजलंय, वरून गुंडाळू की आणखी काही करू?

डोंगरवारा | १९ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागची हकिगत सांगितल्याशिवाय त्यात काही दम वाटणार नाही, म्हणून थोडं पाल्हाळ लावतो.

मी पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करतो. साताऱ्याहून सज्जनगडाचा फाटा सोडून ठोसेघरच्या पुढे गेलं की चाळकेवाडीचं पठार लागतं, तिथे. माझ्या वाट्याला आलेली बरीचशी यंत्रं जुनी, ३५० किलोवॉटची. त्यांच्या कंट्रोल पॅनेलशी बोलायचं तर नऊ पिनांचा सिरियल पोर्ट लागतो, आणि तो आताच्या लॅपटॉपना नसतो. यूएसबीचं कन्व्हर्टर लावून बघितलं. ऑफिसात गुणी बाळासारखं चालतं, टॉवरच्या पायथ्याशी पॅरामीटर चढवताना मात्र नेमकं मध्येच रुसतं. म्हणून माझ्याकडे बारा वर्षं जुना एक रगेड लॅपटॉप आहे. मॅग्नेशियमची बॉडी, कोपऱ्यांना रबर, प्रत्येक पोर्टला झाकण, वजन साडेतीन किलोच्या वर. आमच्या टीममध्ये त्याला 'ठोकळा' म्हणतात. नवीन पोरं हसतात, पण चक्की बंद पडली की आधी 'ठोकळा कुठाय' असंच विचारतात.

तर या ठोकळ्याला पुढच्या कडेला ब्रीफकेससारखं हँडल आहे. दोन्ही टोकं बॉडीला स्क्रूने बसवलेली, आत कडक प्लॅस्टिक आणि वर मऊ रबरासारखा थर. म्हणजे होता. पहिली नऊ-दहा वर्षं तक्रार नव्हती. गेल्या दोन पावसाळ्यांत तो थर चिकट व्हायला लागला. कसा, तर उन्हात ठेवलेल्या गुळासारखा. जिथे माझी तर्जनी येते तिथे तो पार खरवडला गेलाय आणि खालचं करडं प्लॅस्टिक दिसतंय. हात काळा होतो. परवा बायकोने विचारलं, पांढऱ्या टॉवेलला ग्रीस कसं लागलं? ग्रीस नव्हतं, हँडल होतं.

शिवाय उजव्या टोकाला जरा खुळखुळ आहे. उचलताना 'टक्' असा बारीक आवाज येतो. पण ते फार नाही.

एका सर्व्हिस सेंटरला फोन केला होता. हँडल सुटं मिळत नाही, खालची अख्खी केस बदलावी लागेल म्हणाले. जो आकडा सांगितला त्यात बरा सेकंडहँड लॅपटॉप येतो.

सध्या काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे. उन्हात तिचा गोंद बाहेर येतो, म्हणजे चिकटावर चिकट. डोक्यात दोन गोष्टी आहेत: हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी प्लॅस्टिकची नळी), नाहीतर चामडं. अडचण पावसाची. जुलैत पठारावर असं धुकं असतं की शेजारची चक्की दिसत नाही, फक्त पात्यांचा आवाज येतो. कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. जे लावीन ते अशा ओलीत टिकलं पाहिजे. कुणी केलंय का असं काही?

चिंचेचा_कोळ | २० मे, सकाळी ७:१५

सायकलची जुनी ट्यूब. पुढे काही विचारू नका.

ट्यूब उभी चिरायची, बोटभर रुंद पट्टी कापायची, चांगली ताणून गुंडाळायची. शेवटचे दोन वेढे सैल ठेवायचे आणि टोक त्यांच्याखालून ओढून घ्यायचं. ना गोंद ना टेप. आमच्या वडिलांनी खुरप्यापासून एम-एटीच्या हँडलपर्यंत सगळ्याला हाच उपाय केला. विळ्याच्या मुठीवरची त्यांनी गुंडाळलेली पट्टी अजून आहे, वडील जाऊन सहा वर्षं झाली. तोटा एकच, हात काळे होतात. तुमचे तसेही होतायत.

अर्धासूत | २० मे, दुपारी १:०५

ट्यूबवाल्यांना नमस्कार, पण जरा थांबा.

डोंगरवारा, 'पण ते फार नाही' असं जे लिहिलंत ना, तेच फार आहे. हात काळा होतो ही एक तक्रार, टक् वाजतं ही दुसरी. पहिलीत टॉवेल जातो, दुसरीत लॅपटॉप जाईल. वरून ट्यूब गुंडाळा, चामडं लावा, मखमल लावा; आवाज दबेल आणि मग एक दिवस हँडल हातात आणि ठोकळा पायावर.

मी भोसरीत टूलरूममध्ये आहे, २२ वर्षं. लॅपटॉप माझा विषय नाही, स्क्रू आहे.

अशी खुळखुळ तीन कारणांनी येते. स्क्रू ढिला झालाय, किंवा स्क्रू जागेवर आहे पण ज्यात बसतो ते आटे गेलेत, किंवा आटे शाबूत आहेत आणि हँडलच्या प्लॅस्टिकचं भोक लंबगोल झालंय. उघडल्याशिवाय कळणार नाही. आधी चार्जर काढा, मग बॅटरी बाहेर काढा, मग उलटा करून जुन्या चादरीवर ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लॅपटॉप जपानी बनावटीचा असेल तर स्क्रूंची डोकी जेआयएसची, म्हणजे जपानी मानकाची, असण्याची शक्यता धरून चला. दिसायला ती आपल्या फिलिप्ससारखीच चौफुली, पण फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही. जोर दिला की वर सरकतं आणि चौफुली गोल करून टाकतं. बारा वर्षांचा स्क्रू एकदाच संधी देतो. जेआयएसचा ड्रायव्हर मिळवा, जुन्या जपानी मोटरसायकलींची कामं करणाऱ्यांकडे असतो. दाब जास्त, पीळ कमी. स्क्रूखाली बारीक रबरी रिंग निघाली तर ती जपून ठेवा, पाणी आत जाऊ नये म्हणून असते ती. कोणता स्क्रू कुठला, त्याचा फोटो काढून ठेवा; नंतर लांब स्क्रू आखूड जागेत घालून आतलं काहीतरी फोडणारे बरेच बघितलेत.

आणि मॅग्नेशियमला सांभाळून. स्टीलचा स्क्रू, शेजारी मॅग्नेशियम आणि मध्ये ओल, असं झालं की झिजतं ते मॅग्नेशियम. स्क्रू मस्त राहतो. भोकाभोवती पांढरी भुकटी दिसली तर तेच समजा. ती कोरड्या ब्रशने झाडा. ग्राइंडर किंवा हँड ड्रिलला चाक लावून घासत बसू नका. मॅग्नेशियमची बारीक पूड पेट घेते, आणि पेटल्यावर पाणी मारलं तर विझायचं सोडून भडकते. आमच्याकडे ते काम चालतं तिथे कोरड्या वाळूची बादली ठेवलेली असते, आणि नवीन पोराला पहिल्या दिवशी तीच दाखवतात.

उघडून काय दिसतं ते लिहा. मग पुढचं बोलू.

निवृत्त_मास्तर | २० मे, सायंकाळी ६:३०

थर चिकट का होतो ते सांगतो, म्हणजे उपाय सुचेल. हातात मऊ लागणारे हे थर बरेचदा पॉलियुरेथेनचे असतात. हवेतली ओल त्याच्या लांब साखळ्या हळूहळू तोडत जाते, उष्णतेने वेग वाढतो, त्यात हाताचा घाम आणि तेल. साखळी तुटली की घट्टपणा जातो आणि मागे राहतो चिकटा. त्यामुळे पावडर लावून, धुऊन, फ्रीजमध्ये ठेवून तो पूर्ववत होत नाही. काढूनच टाकावा लागतो.

आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. थिनर किंवा अ‍ॅसिटोन नको, खालचं प्लॅस्टिक विरघळायला लागेल. आणखी एक: डास घालवायला अंगाला जे लावता त्यात डीट असेल तर तेही अशा प्लॅस्टिकचं वैरी. लावल्यावर हात धुऊन मगच हँडल धरा. रानात काम करणाऱ्यांच्या चष्म्याच्या काड्या आणि घड्याळाचे पट्टे यानेच जातात, आणि लोक घामाला दोष देतात.

दोर_आधी | २० मे, रात्री ९:५०

मीही टॉवरवर चढणाऱ्यातलाच, वेगळ्या जिल्ह्यात. मला एकच विचारायचंय. हा लॅपटॉप वर नॅसेलमध्ये (टॉवरच्या टोकावरच्या यंत्राच्या खोलीत) नेता का? आणि नेत असाल तर कसा?

विचारतोय कारण मी हँडलमधून कॅराबिनर (दोराला अडकवायची कडी) घालून लॅपटॉप वर ओढून घेणारा माणूस बघितलाय. काही झालं नाही त्या दिवशी. पण पन्नास मीटरवरून सुटलेली वस्तू खाली येईपर्यंत, हवेचा अडथळा धरला नाही तर, ताशी ११० किलोमीटरच्या वर वेग घेते. साडेतीन किलो. खाली हेल्मेट घालून कुणी उभा असेल तरी त्या हेल्मेटचा उपयोग काय ते तुम्हीच सांगा.

रगेड आहे, मिलिटरी टेस्ट पास आहे, असं लोक म्हणतात. ती टेस्ट मी वाचलीये. मिल-एसटीडी-८१० मधली नेहमी सांगतात ती चाचणी म्हणजे ४८ इंचांवरून २६ वेळा पाडणं, काँक्रीटवर ठेवलेल्या दोन इंची प्लायवूडवर. ते २६ वेळा पाच नमुन्यांत वाटून घ्यायलाही परवानगी असते. आणि नमुने कोरे करकरीत. बारा पावसाळे खाल्लेल्या हँडलबद्दल त्यात एक अक्षर नाही.

वर न्यायचा तर बंद तोंडाच्या बॅगेत, बॅग हॉइस्टला, म्हणजे सामान वर ओढायच्या यंत्राला. हँडल फक्त जीप ते टॉवरचा दरवाजा.

डोंगरवारा | २५ मे, रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार. दोर_आधी, वर नेत नाही, माझं काम पायथ्याच्या पॅनेलपाशीच असतं. पण दोनदा नेला होता, आणि कसा ते आता इथे लिहायची लाज वाटते.

अर्धासूत साहेब, रविवारी उघडला. जेआयएस ड्रायव्हर आरएक्स-१००वाल्या मित्राकडून आणला, त्याने 'परत देशील ना' असं तीनदा विचारून दिला. तुम्ही म्हणालात तसंच, टोक तळाला बसल्याचं हाताला कळतं.

दोन्ही टोकांना दोन-दोन स्क्रू. डावीकडचे दोन्ही कडक, कुरकुर करत निघाले. उजवीकडचा पहिला दोन बोटांनी फिरला. दुसरा नुसताच गरगर फिरत राहिला, वर येईना. चिमट्याने डोकं धरून वर ओढत फिरवला तेव्हा निघाला. त्याच्या आट्यांत करड्या धातूचा भुगा भरलेला, आणि भोकाच्या तोंडाशी तुम्ही सांगितलेली पांढरी भुकटी. बारक्या मिठासारखी.

हँडल हातात घेतल्यावर आणखी एक दिसलं. उजव्या टोकाचं प्लॅस्टिकमधलं भोक गोल राहिलेलं नाही, ज्वारीच्या दाण्यासारखं झालंय. आणि त्याच्यापासून कडेकडे गेलेली एक चीर. डोळ्याला दिसत नव्हती, नख फिरवल्यावर अडकलं.

उजवीकडेच का, याचा विचार करत बसलो. मग लक्षात आलं. जीपच्या मागच्या सीटखाली ठोकळा असतो, त्याच्या डाव्या बाजूला पान्यांची पेटी. त्यामुळे मी नेहमी उजवं टोक धरून हिसका देऊन बाहेर ओढतो. रोज, बारा वर्षं. आता दोष कुणाला देऊ?

म्हणजे चामडं-ट्यूब राहिलं बाजूला. या चिरेचं काय करू? एपॉक्सी भरू का?

अर्धासूत | २६ मे, दुपारी १:१०

बघा. ट्यूब गुंडाळली असतीत तर ती चीर आत झाकली गेली असती.

एपॉक्सी भरा, पण त्याच्यावर विसंबू नका. हँडल लवतं, एपॉक्सी लवत नाही, सहा महिन्यांत शेजारी दुसरी चीर जाईल. माझं म्हणणं असं की प्लॅस्टिकवर वजन द्यायचंच नाही. बॅगांना असतो तो नायलॉनचा पट्टा घ्या, २० मिलिमीटर रुंद. तो हँडलच्या खालच्या अंगाने, म्हणजे बोटांच्या बाजूने, या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या आणि दोन्हीकडे स्क्रूखालीच दाबून घ्या, वर रुंद वॉशर. आता वजन पट्टा उचलेल, प्लॅस्टिक फक्त आकार देईल. पट्ट्याला भोक कात्रीने पाडू नका, धागे सुटतील. खिळा तापवून पाडा, कडा वितळून बंद होतात. मॅग्नेशियम आणि वॉशर यांच्यामध्ये पट्टा येतोच आहे, ते चांगलंच. जाडी वाढल्यावर स्क्रू तेवढाच लांब घ्यावा लागेल, पण मोजून. अंदाजाने नाही.

गेलेल्या आट्यांना हेलिकॉइल. स्प्रिंगसारखी स्टेनलेसची तार असते. भोक थोडं मोठं करून खास मापाचा आटा पाडायचा आणि त्यात ही तार फिरवून बसवायची, आत परत मूळ मापाचा आटा मिळतो. घरी करू नका. साताऱ्याच्या एमआयडीसीत करणारे मिळतील. त्यांना तीन गोष्टी सांगा. ड्रिलला खोलीची खूण म्हणून टेप लावा. पाण्यातलं कूलंट वापरू नका. आणि टॅपला, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराला, ग्रीस थापा, म्हणजे किसाचा कण आत न पडता ग्रीसला चिकटून बाहेर येतो. पडला तर चुंबकाने निघत नाही आणि वीज मात्र वाहून नेतो, मदरबोर्डवर बसला की संपलं.

निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) लावायचं तर काडीच्या टोकाएवढं, तेही आट्यांत. प्लॅस्टिकवर ओघळू देऊ नका, काही प्लॅस्टिकना त्याने नंतर तडे जातात.

सगळं झालं की लगेच साइटवर पळू नका. वजनाच्या तिप्पट भार टांगून रात्रभर ठेवा.

वादी | २६ मे, रात्री ८:४५

चामड्याचं मी सांगते. माझं माहेर कोल्हापूरचं, घरात चपलांचंच काम. मी स्वतः आता बँकेत आहे, पण रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, हातात धरायला विसरले नाही.

पहिली गोष्ट, कोल्हापुरी चपलेचं चामडं यासाठी नका घेऊ. ते बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. कोरड्यात त्याच्यासारखं काही नाही, पण पाणी त्याला मानवत नाही, म्हणून तर पावसाळ्यात चपला माळ्यावर जातात. शिवाय अशा चामड्याला ओल्यात लोखंड लागलं की काळे डाग पडतात, तुमच्याकडे तर स्क्रू आहेत. क्रोमचं चामडं घ्या, बॅगांना वापरतात ते. जाडी दीड मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर हँडल आणि लॅपटॉप यांच्यामधल्या फटीत बोटं जाणार नाहीत. हातमोजे घालत असाल तर ती फट आधी मोजा.

कागद गुंडाळून नमुना काढा. चामडं घेराच्या मापाने कापू नका, दोन-तीन मिलिमीटर कमीच कापा. ओढून शिवलं की ते येतं आणि मग हलत नाही. बरोबर मापाचं कापलं तर महिन्याभरात सैल पडून हँडलभोवती फिरायला लागेल. कडा रापीने आतून पातळ करा. दोन्ही कडांना आरीने समोरासमोर भोकं, चार-पाच मिलिमीटर अंतराने, आणि मोजून सारखी. एका बाजूला एक जरी जास्त झालं तरी शेवटी चामडं पिळवटतं. मेण लावलेला नायलॉनचा दोरा, दोन सुया, चपलेच्या फितीसारखी तिरपी शिवण. गाठ बाहेर ठेवायची नाही, आत सारायची.

आणि शिवण कुठे येणार ते आधी ठरवा. लॅपटॉप हातात लटकतो तेव्हा सगळं वजन हँडलच्या खालच्या अंगावरून बोटांवर येतं. शिवण तिथे आली तर संध्याकाळपर्यंत बोटांवर वण उठतील. ती वरच्या बाजूला, बाहेरच्या कडेकडे घ्या, जिथे तळहात नुसता टेकतो.

बुरशी येणार. चाळकेवाडीत जुलैत माणसाला येत नाही हेच नवल. कोरड्या फडक्याने पुसायची, महिन्यातून एकदा किंचित एरंडेल. ओला लॅपटॉप बॅगेत कोंडून ठेवू नका, बस.

हे सगळं जमणार नसेल तर चप्पल शिवणाऱ्याकडे जा. लॅपटॉप नेऊ नका, नुसतं हँडल न्या. लॅपटॉप बघितला की माणूस घाबरतो तरी, नाहीतर जास्त सांगतो तरी.

स्मॅश_मारला | २७ मे, सकाळी ८:००

एवढं सगळं? बॅडमिंटनची ग्रिप घ्या, दहा मिनिटांत गुंडाळून होते, घाम शोषते, खराब झाली की नवीन. हँडल काढलंच आहे तर क्रिकेट बॅटची रबरी ग्रिपही चढेल, खेळाच्या दुकानात कोनवर उलटी करून चढवून देतात.

(बॅडमिंटनची दोन-तीन महिन्यांत चिंध्या होते हे कबूल.)

डोंगरवारा | १३ जुलै, रात्री १०:०५

दीड महिना झाला, पाऊस लागला, आता लिहायला हरकत नाही.

आधी चिकटा काढला. आयसोप्रोपिल, कापूस आणि जुना टूथब्रश, दोन संध्याकाळी गेल्या. काळ्या शेवयांसारखं निघत होतं. मुलीला मजा वाटली, तिने अर्धं काम केलं. मास्तर, डीटचं तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के, मी ते अंगाला चोळून तसाच ठोकळा उचलायचो.

हेलिकॉइलला एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेलो. मालकाने खालची केस हातात घेतली, वजन बघितलं आणि 'हे कशाचं झाकण?' विचारलं. लॅपटॉपचं म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. मदरबोर्ड घरीच काढून ठेवला होता, एका मुलाला घेऊन, सगळ्या स्क्रूंचे फोटो काढत. त्यामुळे किस आत पडायची भीती नव्हती, तरी ग्रीस लावायला सांगितलं. मालक म्हणाला, हे तुम्हाला कुणी सांगितलं? म्हटलं, भोसरीच्या एका माणसाने. 'बरोबर आहे,' म्हणाला, आणि त्यानंतर जरा आदराने बोलायला लागला.

नायलॉनचा पट्टा बॅग दुरुस्त करणाऱ्याकडून घेतला. भोकं तापवलेल्या खिळ्याने. पहिलं भोक तिरकं गेलं, तो तुकडा टाकून दुसरा घेतला. जुने स्क्रू पट्टा आणि वॉशर धरून दोन मिलिमीटर कमी पडत होते, तेवढे लांब मोजून घेतले. चिरेत एपॉक्सी भरली आहे, पण तुम्ही म्हणता तसं, तिच्यावर काही टांगलेलं नाही.

चामडं शिवायचा प्रयत्न मी केला, वादीताई. खोटं कशाला सांगू, एका बाजूला २९ भोकं आणि दुसऱ्या बाजूला ३१. मग मोती चौकाकडे एक काका चपला शिवायला बसतात, त्यांच्याकडे गेलो. बरोबर तुमच्या सांगण्याप्रमाणे कागदाचा नमुना होता. त्यांनी तो बाजूला ठेवला, दोरा घेऊन हँडलभोवती एक वेढा दिला, नखाने खूण केली, आणि जुन्या बॅगेच्या चामड्यातून पट्टी कापली. मोजपट्टी नाही. भोकंही आधी पाडली नाहीत, आरी आणि दोरा बरोबरच चालले होते. मी म्हटलं, काका, शिवण वरच्या बाजूला पाहिजे. ते म्हणाले, 'मग काय खाली घालतो व्हय? बोटं कापून घ्यायचीत का?' पट्टा त्यांनी चामड्याच्या आतच ओढून घेतला, दोन्ही टोकं स्क्रूसाठी बाहेर. पाऊण तास लागला, त्यात मधे दोन जणांच्या चपला झाल्या.

टांगून बघितलं. हँडल दाराच्या वरच्या गजाला, ठोकळ्याला खालून पट्टा बांधून त्याला पाण्याचा सात लिटरचा कॅन, खाली गादी. गादी बघून आईने विचारलं, कोण झोपणारे इथे? रात्रभर राहिलं. सकाळी पट्टा-वॉशर सरकलेले नव्हते.

पठारावर आता तीन आठवडे झाले. नवव्या दिवशी शिवणीच्या बाजूने पांढरी बुरशी दिसली, फडक्याने गेली. टक् बंद. त्याऐवजी आता उचलला की नव्या चपलेसारखा करकरतो, पोरं दुरूनच ओळखतात ठोकळा आला म्हणून. आणि पान्यांची पेटी मी सीटच्या दुसऱ्या बाजूला ठेवायला लागलोय. सवय मोडत नाही, हात अजून उजव्या टोकाकडेच जातो.

अर्धासूत | १४ जुलै, दुपारी १:००

छान. दिवाळीत एकदा चारही स्क्रू तपासा. फिरवून बघायचं नाही, डोक्यावर आणि वॉशरवर मिळून रंगाची एक रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली तरच हात लावा.

वादी | १४ जुलै, रात्री ९:१५

२९ आणि ३१! माझ्या वडिलांनी माझी पहिली चप्पल अशीच एकदा उसवायला लावली होती. काकांचं बरोबर आहे, ज्यांचा हात बसलेला असतो ते भोकं मोजत नाहीत. मी मोजते.

चिंचेचा_कोळ | १४ जुलै, रात्री ९:४०

सगळं ठीक, काकांनी घेतले किती ते सांगा. ट्यूब फुकट होती.

डोंगरवारा | १४ जुलै, रात्री १०:३०

ऐंशी. शंभरची नोट दिली, सुटे नव्हते त्यांच्याकडे, म्हणून वीस रुपयांत मुलीच्या दप्तराचा बंद शिवून घेतला.